कंपनी एमएस ऑफिसच मागतेय? आधी हे बघ
अरे, त्यांनी एमएस ऑफिसच पाहिजे म्हटलं म्हणून लगेच स्वतःच्या पैशाने लायसन्स घेऊ नकोस, आधी विचार की कंपनी देणार का, कामाचं सॉफ्टवेअर त्यांनीच द्यायला हवं. मग बघ नेमकं अडतंय कुठे. साधी पत्रं, तक्ते लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखंच, पण फुकट सॉफ्टवेअर) मस्त होतात, डॉक्सएक्समध्ये, म्हणजे वर्डच्या फाइल प्रकारात सेव्ह करून पाठव आणि एमएस ऑफिसच्या कॅलिब्री फॉन्टच्या जागी कार्लिटो फॉन्ट टाकून ठेव, अक्षरांची रुंदी तीच असल्याने मजकूर फारसा सरकत नाही (हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं). खरी अडचण एक्सेलच्या व्हीबीए मॅक्रोंची (फाइलमध्येच लिहिलेले, कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम), लिब्रेऑफिसमध्ये ते सगळे चालत नाहीत, तिथे हट्ट नको, एक्सेलच वापर. नुसती वाचायची फाइल असेल तर पीडीएफ दे. आणि ओडीएफ, म्हणजे लिब्रेऑफिसचा स्वतःचा फाइल प्रकार, २००६ पासून आयएसओ (आंतरराष्ट्रीय) स्टँडर्ड आहे, वर्डमध्येही उघडतं, हे आयटीवाल्यांना शांतपणे पण नक्की सांग.