आईच्या पायांवरची सूज हृदयाची असेल का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६७ वर्षे आहे. गेल्या महिन्यापासून संध्याकाळी तिच्या दोन्ही घोट्यांवर सूज येते आणि बोटाने दाबले की खळगा पडतो. रक्तदाबासाठी ती अनेक वर्षे अॅम्लोडिपिन घेते. गुडघे दुखले की दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळीही घेते. हल्ली तिला झोपताना दोन उशा लागतात. ईसीजी नॉर्मल आला आहे. शेजारच्या काकू त्यांच्याकडची लघवीची गोळी देऊन पाहा म्हणतात. ही सूज हृदयाची असेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : असू शकते, आणि तशी शंका मला सुजेपेक्षा त्या दोन उशांमुळे अधिक येते. आडवे झाल्यावर पायांत साठलेले पाणी रक्तात परत येते. ते पुढे ढकलणे हृदयाच्या डाव्या बाजूला झेपले नाही, तर फुप्फुसांत दाब वाढून धाप लागते आणि माणूस नकळत एक उशी वाढवतो. रात्री घुसमटून जाग येते का, जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागतो का, हे आईला मुद्दाम विचारा. ‘वयामुळे होतं’ म्हणून अशा गोष्टी घरात सांगितल्याच जात नाहीत.

हृदयाचे काम कमी पडू लागले की शिरांमधला दाब वाढून पाणी ऊतींमध्ये झिरपते. शिवाय मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोहोचल्याने, शरीरातले पाणी कमी झाले असावे अशा रीतीने ती मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात, आणि सूज आणखी वाढते. यामागे पूर्वीचा हार्ट अटॅक असू शकतो किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने आकसलेली झडप असू शकते. क्षयरोगानंतर कधीकधी हृदयावरचे आवरण जाड आणि कडक होते; त्यात पायांपेक्षा पोटातच अधिक पाणी साठत असल्याने रुग्णावर यकृताचा आजार समजून उपचार होत राहतात, वास्तविक शस्त्रक्रियेने यातले अनेक रुग्ण बरे होऊ शकतात.

तुमच्या आईच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने हृदयाची भिंत ताठर झाली आहे का, हे आधी पाहावे लागेल. असे हृदय आकुंचन नीट पावते, पण सैल होऊन भरत नाही. त्यामुळे टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती रक्त बाहेर फेकले जाते ते प्रमाण, ६० टक्के म्हणजे नॉर्मल दिसले, तरी तेवढ्यावरून हृदय ठणठणीत आहे असे मानू नये. नॉर्मल ईसीजीनेही प्रश्न मिटत नाही. इकोबरोबर एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी उपयोगी पडते, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), लघवीतील प्रथिने, यकृत व थायरॉइड यांच्या तपासण्याही करून घ्याव्यात.

अॅम्लोडिपिननेही घोटे सुजतात, आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात व रक्तदाब वाढवतात. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी आजच थांबवा, रक्तदाबाची मात्र स्वतःहून थांबवू नका. काकूंची गोळी देऊ नये. अॅम्लोडिपिनच्या सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि तपासणीविना घेतल्यास रक्तातील सोडियम-पोटॅशियम घसरण्याची भीती असते.

दिवसभरातले मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे एका चमच्याच्या, आत ठेवा. त्यात लोणचे, पापड आणि फरसाणही धरा. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारूनच वापरा. रोज सकाळी शौचानंतर, चहापूर्वी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत ते दोन किलोंनी वाढले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता दाखवून या. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत गुठळी झाली असण्याची शक्यता असते, त्यामुळे त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखले किंवा गुलाबी फेसाळ कफ पडला, तर आईला उशीला टेकवून बसते ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा.