कवेलू उतरले, स्लॅब टाकला गेला नाही आणि खाली आम्ही राहतोय

प्रश्न: इंदूरला रामबागेत सासऱ्यांनी बांधलेलं आमचं जुनं घर आहे. माळ्यावर दोन खोल्या आणि न्हाणीघर काढायचं ठरलं. त्यासाठी भिंती उंच करून कवेलूंच्या (मातीच्या कौलांच्या) जागी स्लॅब टाकायचा होता. ठेका 9 लाख 60 हजारांचा. लेटरहेडवरचं कोटेशन आहे, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. आतापर्यंत 6 लाख 25 हजार दिले, त्यातले दीड लाख रोख. भाडं वाचावं म्हणून मी, यजमान, बारावीतली मुलगी आणि 78 वर्षांच्या सासूबाई खालीच राहतो. मे महिन्यात कवेलू उतरवले, भिंती उठल्या, अर्धं सेंट्रिंग लागलं आणि काम बंद पडलं. ठेकेदार म्हणतो, "माल के भाव बढ़ गए, दो लाख डालो तो लेबर भेजता हूँ." आता पाऊस सुरू झाला आणि पाणी माळ्याच्या फळ्यांतून सासूबाईंच्या खोलीत येतं. सामायिक भिंतीला भेग पडली म्हणून शेजाऱ्यांनी नगर निगमच्या झोन कार्यालयात तक्रार केली आहे. परवानगी घेतलेली नाही. ठेकेदार म्हणाला होता, "अंदर का काम है." घर अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. दीर पुण्याला आणि नणंद इथेच असतात, दोघांना फोनवर कल्पना दिली आहे. यजमान म्हणतात, कुलूप बदलू, त्याच्या सेंट्रिंगच्या प्लेटा विकू आणि दुसरा ठेकेदार लावू. आम्ही घरातच राहिलो म्हणजे काम मान्य केलं असं होतं का? भाड्याच्या घरात गेलो तर ते भाडं मागता येईल का?

उत्तर: ताई, आधी सासूबाईंची खोली रिकामी करा. त्यांना आजच नणंदेकडे पाठवा किंवा निदान दुसऱ्या खोलीत झोपवा. जुन्या लाकडी कड्या (तुळया) पाणी पितात, त्यावर नव्या विटांचं आणि सेंट्रिंगचं वजन आहे आणि खाली म्हातारं माणूस झोपतंय. बाकीचं सगळं यानंतर.

घरात राहिलात म्हणजे काम मान्य केलंत, असं मुळीच होत नाही. घराचा ताबा तुम्ही ठेकेदाराला कधी दिलाच नव्हता, तेव्हा तो परत घेतला असंही म्हणता येत नाही. त्याला होती ती फक्त कामापुरती ये-जा करायची मुभा. काम पूर्ण झाल्याचं लिहून दिलंत, शेवटच्या बिलावर सही केलीत, तर गोष्ट वेगळी. तसं काही केलेलं नाही, आणि यापुढे त्याने "हिसाब क्लियर" म्हणून कसलाही कागद पुढे केला तर सही करू नका.

उलट, तुम्ही खाली राहत होता हीच तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. करार मोडल्यावर कोणती नुकसानभरपाई मिळते हे करार कायदा 1872 च्या कलम 73 मध्ये आहे. मोडण्यातून स्वाभाविकपणे होणारं नुकसान मिळतं, आणि करार करताना दोन्ही बाजूंना ज्याची कल्पना होती ते नुकसानही मिळतं. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ठेकेदाराचा एप्रिलमधला संदेश आहे: "नीचे के दो कमरे आपके, बारिश से पहले छत डाल दूँगा." या एका ओळीत त्याने कबूल केलंय की खाली कुटुंब राहतं, पावसाआधी छत टाकलं गेलं पाहिजे, आणि नाही टाकलं तर काय होईल हे त्याला ठाऊक होतं. म्हणून राहण्याजोगं घर राहिलं नाही तर भाडं मागता येईल. मात्र ते तुमच्या घराच्या बेताचं हवं, भाडेकरार हवा आणि पैसे बँकेतून गेलेले हवेत. मुलीच्या अभ्यासाचं नुकसान मला कळतं, पण ते रुपयांत मोजून मिळणार नाही. मानसिक त्रासाच्या भरपाईत त्याचा उल्लेख करू.

त्याच कलमाची दुसरी बाजूही बघा. नुकसान कमी करायला तुमच्या हातात काय उपाय होते, हेही न्यायाधीश बघतात. पाणी गळू दिलं आणि महिन्याने कपाट, गादी, वायरिंगचा हिशोब मांडला, तर पहिला प्रश्न येईल की ताडपत्री का नाही टाकली? म्हणून जाड ताडपत्री, बांबू, दोन मजूर, जे लागेल ते या आठवड्यात करा आणि पावत्या ठेवा. हा खर्च ठेकेदाराकडून मागता येतो आणि त्यासाठी कोणाच्या नोटिशीची वाट बघायची नाही.

आता दुसरा ठेकेदार. इथे घाई केलीत तर हातचं जाईल. विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 मध्ये 2018 साली दुरुस्ती झाली. त्यातल्या कलम 20 प्रमाणे एकाने काम सोडलं तर दुसऱ्याला ते तिसऱ्याकडून करून घेऊन खर्च वसूल करता येतो. अट अशी की आधी किमान 30 दिवसांची लेखी नोटीस दिलेली असली पाहिजे. नोटीस न देता काम करून घेतलंत तर या कलमाखाली वसुली होत नाही. तेव्हा काय ठरलं, किती दिले, काम कधी थांबलं, आज घराची अवस्था काय, हे सगळं लिहून स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. पोच जपून ठेवा आणि तीच व्हॉट्सॲपवरही टाका.

नोटिशीच्या दिवसांत एका स्ट्रक्चरल इंजिनीअरला घरी बोलवा. त्याने झालेल्या कामाचं मोजमाप घ्यावं: किती विटकाम, किती सेंट्रिंग, कुठली कडी वाकली, भेग कुठून कुठे गेली. टेप लावून फोटो काढावेत आणि सहीशिक्क्याचा अहवाल द्यावा. नव्या मिस्त्रीने एक वीट लावली की जुन्याने काय केलं आणि काय बिघडवलं हे दाखवणं अवघड होतं. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सर्वात मोलाचा कागद हाच असेल.

हिशोबही नीट समजून घ्या. ठरले 9.60 लाख, दिले 6.25, उरले 3.35. तेच उरलेलं काम नव्या ठेकेदाराने 5.20 लाखांत केलं, तर वसूल होतात वरचे 1.85 लाख, पूर्ण 5.20 नाहीत. त्याची बिलंही वेगळी घ्या: उरलेलं काम एक, बिघडलेल्याची दुरुस्ती दुसरं, आणि या निमित्ताने मनात आलेलं नवं काही असेल तर त्याचं तिसरं. तिसऱ्यातला पैसा जुन्याकडून मिळत नाही. भाव वाढल्याचे दोन लाख मात्र जुना ठेकेदार मागू शकत नाही, कारण ठेका एकरकमी होता आणि तुमच्या कोटेशनमध्ये भाववाढीची अट नाही. पण मूळ कोटेशनमध्ये नसलेलं काही तुम्ही मागाहून सांगितलं असेल, तर त्याचे पैसे प्रामाणिकपणे मान्य करा. नोटिशीत ते स्वतःहून लिहिलंत तर तुमच्या बाकीच्या म्हणण्याला वजन येतं.

यजमानांना सांगा, जिन्याचं कुलूप जरूर बदला, घर तुमचं आहे. प्लेटांना हात लावू नका. विकल्या तर ठेकेदाराला फौजदारी तक्रारीसाठी आयतं निमित्त मिळेल आणि मूळ प्रकरण बाजूला पडेल. यादी करा, फोटो काढा आणि अमुक तारखेपर्यंत सही करून घेऊन जा, असं कळवा. सेंट्रिंगखाली टेके (आधाराचे खांब) लागलेले असतील तर इंजिनीअरने बघितल्याशिवाय त्यालाही ते काढू देऊ नका.

आता जे ऐकायला जड जाईल ते. परवानगीशिवाय काम सुरू करणं ही तुमच्या बाजूची खरी कमजोरी आहे. भिंती उंच करणं आणि लाकडी छताच्या जागी स्लॅब टाकणं हे आतलं काम नव्हे. मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम 1956 च्या कलम 293 प्रमाणे त्याला परवानगी लागते आणि कलम 307 खाली ते काढून टाकायची नोटीस येऊ शकते. ठेकेदार म्हणाला हे उत्तर निगमपुढे चालत नाही, जबाबदारी घरमालकाची. नोटीस आलेली नाही तोवर नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा इंजिनीअरमार्फत अर्ज करा. झालेलं काम भूमी विकास नियम 2012 मध्ये बसतं का, आणि नसेल तर कलम 308-अ खाली शुल्क भरून किती नियमित होतं, ते तोच सांगेल. तोपर्यंत वर पक्कं काम करू नका, फक्त आधार आणि आडोसा.

अर्जाला मालकाची सही लागेल आणि इथे घरातला प्रश्न येतो. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि घर त्यांच्या कमाईचं असेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 प्रमाणे सासूबाई, तुमचे यजमान, दीर आणि नणंद, चौघांचा सारखा हिस्सा आहे. नणंदेचाही, लग्न झालं असलं तरी. फोनवरची कल्पना पुरत नाही. दोघांची लेखी संमती घ्या आणि त्यातच लिहा की वरच्या खोल्यांचा खर्च कोणी केला आणि पुढे वाटणीच्या वेळी तो कसा धरायचा. आज सगळे गोडीत आहेत, म्हणूनच आज लिहायचं.

शेजाऱ्यांकडे इंजिनीअरला घेऊन स्वतः जा. भेग दोन्ही बाजूंनी मोजू द्या, तुमच्यामुळे पडली असेल तर दुरुस्ती करून देऊ म्हणा. सामायिक भिंतीवर त्यांच्या संमतीशिवाय नवं गर्डर टेकवू नका. गल्लीकडच्या कडेला सुटे कवेलू असतील तर आजच उतरवा. बांधकाम चालू असताना पडझडीची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 290 खाली गुन्हा आहे आणि त्यात घरमालकही सापडू शकतो.

30 दिवसांत ठेकेदार हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. घर बांधून देणं ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या 1993 च्या निकालातच सांगितलंय. दिलेली रक्कम 50 लाखांच्या आत असल्याने प्रकरण इंदूरच्याच आयोगात चालेल. दिलेल्या रकमेवर ठरणारं शुल्क तुम्हाला 200 रुपये पडेल आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारदार म्हणून तुम्हीही नाव घाला. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दीड लाख रोख दिल्यावर ठेकेदाराने "मिल गए" लिहिलंय, तो संदेश असलेला फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

नोटीस मिळाल्यावर ठेकेदार हात जोडून परत येण्याचीही शक्यता आहे. आला तर घ्यायला हरकत नाही, पण परवानगी हातात आल्यावर आणि नव्या लेखी करारावर. पैसे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्पा इंजिनीअरने पाहिल्यावर आणि सगळे बँकेतून. मजुरांचा जिना बाहेरून, कामाची वेळ लिहिलेली. स्लॅब टाकल्यापासून इंजिनीअर टेके काढायची तारीख लिहून देईपर्यंत खालच्या खोलीत कोणी झोपणार नाही आणि त्या दिवसांचं भाडं कोण देणार, तेही करारात. यातलं काही त्याला नको असेल तर नोटिशीचे दिवस मोजत राहा आणि दुसऱ्या दोघांकडून उरलेल्या कामाचे अंदाज मागवून ठेवा.