वाचकांचे प्रश्न: बंदुकीवाचून उडणारी विमाने

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात फोटो काढणाऱ्या विमानांवर बंदुकाच नसत म्हणे. मग शत्रूच्या तावडीतून ती सुटत कशी?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: टेहळणीसाठी वापरलेल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानातून मशिनगन काढत, पंखांच्या पुढच्या कडेत जादा पेट्रोल भरत, सांधे बुजवून घासून गुळगुळीत करत. पण नुसत्या वेगाकडे पाहू नका. सगळा खेळ वेळेचा. सोलापूरवरच मांडून बघा. सहा हजार मीटरवरून ताशी 600 किमीने येणारे विमान पंढरपूरवर दिसले. सरळ रेषेत अंतर साधारण 60 किमी, म्हणजे सहा मिनिटांत ते सिद्धेश्वर तलावावर. होटगी रोडच्या विमानतळावरून उठलेले हरिकेन हे ब्रिटिश लढाऊ विमान तेवढ्यात त्या उंचीला पोचतच नाही.

1943 मध्ये बंगालवर नेमके हेच होई. जपानी टेहळणी विमान की-46, दोस्त राष्ट्रांच्या भाषेत ‘डायना’, हरिकेनच्या हाती लागत नसे. त्या नोव्हेंबरात चितगावकडे आलेल्या लढाऊ स्पिटफायर-5 नी मात्र ती पाडली. दोघांचा सर्वाधिक वेग जवळपास सारखाच, पण स्पिटफायर झपाट्याने चढे आणि वरून सूर मारून उरलेले अंतर कापे. रडारची सूचना वेळेवर मिळाली तरच, हेही खरे.

खरा धोका फोटो घेताना. दोन फोटोंत साठ टक्के भाग सामाईक हवा, म्हणून विमान सरळ, एका उंचीवर ठेवावेच लागते. 36 इंच नाभीय अंतराच्या भिंगाने 30,000 फुटांवरून प्रमाण येते 1:10,000; दहा मीटर पंखांचे लढाऊ विमान निगेटिव्हवर जेमतेम एक मिलिमीटर! कॅमेऱ्याचे विमान जरा कलले की ते चित्र पुसट होते. थंडीने काचेवर दव धरू नये म्हणून इंजिनाकडची गरम हवा कॅमेऱ्यांपर्यंत नेत.

आणि विमानामागे उठणारी गोठलेल्या वाफेची पांढरी रेघ. वैमानिक आरशात ती सतत पाही. जिथे रेघ उठते त्या थराच्या किंचित खाली राहणे उत्तम: आपली उठत नाही, वरून झडप घालणाऱ्याची मात्र दिसते.

प्रश्न: जेट आल्यावर काय झाले?
(एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर: जुलै 1944 मध्ये म्युनिकवर मेसरश्मिट-262 या जर्मन लढाऊ जेटने टेहळणीच्या मॉस्किटो या ब्रिटिश विमानाला गाठले. सरळ पळून उपयोग नव्हता, जेट ताशी 850 किमीच्या पुढचे. पण त्या वेगाला वळण मोठे लागते. मॉस्किटो दर हल्ल्याला आवळून वळत राहिले, शेवटी ढगात शिरले आणि मार खाल्लेल्या अवस्थेत इटलीत उतरले.