जुन्या गिटारची जवारी

मिरज

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. तुझ्या थोरल्या काकांनी सांगलीतल्या गणेशोत्सवांत ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलेली आणि पुढे कित्येक वर्षे माळ्यावर पडून राहिलेली ती जपानी इलेक्ट्रिक गिटार तुला पुन्हा वाजती करायची आहे, हे वाचून आनंद झाला. मात्र सँडपेपर, थिनर, लाल रंगाचा स्प्रे आणि नवे पिकअप (तारांचे कंपन विजेत उतरवणारी चुंबकी वेटोळी) अशी जी खरेदीची यादी तू केली आहेस, तिच्यातली एकही वस्तू इतक्यात आणू नकोस. तुला गिटार वाजती करायची आहे की नवी दिसेल अशी करायची आहे, हे आधी ठरव, कारण ही दोन कामे वेगळी आहेत आणि पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात.

माझा धंदा सतार-तंबोऱ्याचा, हे तू जाणतोसच. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत या कामाची सुरुवात केली आणि तीसुद्धा गवयांची मोडकी वाद्ये दुरुस्त करण्यापासून झाली, असे आमच्याकडे सांगतात. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी माझ्याकडे येऊ लागल्या त्या केवळ दुसरे कोणी हात लावत नसे म्हणून. पहिली काही वर्षे मी त्या सतारीच्या डोळ्यांनीच पाहिल्या, त्याने काही बिघडले आणि काही साधलेही.

बिघडलेले आधी सांगतो. एका अमेरिकन गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन फिरवले की खरखर होत असे. मी आतले दोन्ही पॉट, म्हणजे त्या बटणांखालचे फिरते रोधक, काढून भंगारात टाकले, मुंबईहून नवे आणून जोडले आणि काम चोख झाले म्हणून खूश झालो. त्या काळच्या अमेरिकन पॉटच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. उदाहरणार्थ, १३७६६१२ असा आकडा असेल तर १३७ ही सीटीएस या उत्पादकाची खूण, ६६ म्हणजे १९६६ साल आणि १२ म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा. त्या गिटारचे वय सांगणारा पुरावा मी स्वतःच्या हाताने फेकला होता, आणि खरखर तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पॉट वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवला असता तरी बहुधा गेली असती. तुझ्या गिटारच्या पॉटवर असे आकडे नसतीलही, तरी काढलेला प्रत्येक स्क्रू, वॉशर आणि वायर नावाची चिठ्ठी लावून काड्यापेटीत ठेव, आणि वायर सोडवण्यापूर्वी जोडणीचा फोटो काढ.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. वरच्या बाजूला कोपराखाली रंग उडून जे लाकूड दिसते आहे, ते तुझ्या काकांच्या हाताने झिजले आहे, ते तसेच राहू दे. मळ काढायला किंचित ओले सुती फडके आणि सौम्य साबणाचा एक थेंब पुरतो. स्टिकरचा डिंक लायटरच्या पेट्रोलने निघतो, फक्त खिडकी उघडी ठेव आणि स्वयंपाकघरापासून दूर बस. थिनर मात्र घरातही आणू नकोस, त्याने प्लॅस्टिकची पट्टी आणि कडेची किनार, म्हणजे गोट, दोन्ही विरघळतील.

दांडीच्या मागच्या पत्र्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ असे कोरलेले फोटोत दिसते. साठच्या दशकातल्या पुष्कळ जपानी गिटारींवर ते असते आणि त्याचा अर्थ एवढाच की दांडीत पोलादी पट्टी बसवलेली आहे. ती फिरवून दांडीचा बाक कमी-जास्त करता येईलच असे नाही, म्हणून चावी घालायला जागा शोधत लाकूड उकरू नकोस. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर (फ्रेटवर) एकाच वेळी दाबून धर आणि सातव्या पडद्यापाशी खालची फट पाहा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी असेल तर दांडी उत्तम आहे. मिलिमीटरच्या पुढे असेल तर काही न करता माझ्याकडे घेऊन ये. दांडी सरळ असून तारा उंच वाटत असतील तर दोष बहुधा दांडी आणि धड यांच्या सांध्याच्या कोनात असतो, आणि दांडी बसते त्या खाचेच्या मागच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची लाकडी पाचर दिली तरी घोडीपाशी (ब्रिजपाशी) एकदीड मिलिमीटरचा फरक पडतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तू लिहितोस की मोकळी तार छेडली की ‘सतारीसारखी झणझणते’, पण पहिल्या पडद्यावर बोट ठेवले की स्वच्छ वाजते. हे वाचून मला हसू आले, कारण नकळत तू अगदी अचूक निदान केले आहेस. तुझ्या गिटारला आडीच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीच्या, लगत एक जादा पडदा आहे, त्याला झीरो फ्रेट म्हणतात. आडी तारांमधले अंतर तेवढे राखते, उंची हा पडदा ठरवतो आणि मोकळी तार इथूनच बोलते. तारांचा भार त्याच्यावर रात्रंदिवस असल्यामुळे तो लवकर झिजतो आणि त्याचा गोल माथा चपटा होतो. सतारीच्या घोडीवर आम्ही जो अलगद उतार घासून घासून साधतो, त्यावरून तार एका बिंदूपाशी सुटत नाही, कंपताना पृष्ठभागाला टेकत टेकत जाते आणि त्यातून वरचे स्वर फुलतात. तीच जवारी. तुझ्या काकांच्या तारांनी तुझ्या गिटारला फुकटात जवारी करून दिली आहे. १९६७ साली अमेरिकेत कोरल नावाची इलेक्ट्रिक सतार निघाली, तिच्यात हाच परिणाम साधण्यासाठी मुद्दाम रुंद, सपाट घोडी बसवली होती. माझे आयुष्य जी झणझण आणण्यात गेले तीच इथे काढायची, याची गंमत मला अजूनही वाटते.

काढायची रीत अशी. तारा सैल करून बाजूला घे, पडद्याच्या दोन्ही अंगांना लाकडावर चिकटपट्टी लाव आणि पडद्याचा माथा काळ्या मार्करने रंगव. मग कडांची धार घासून बोथट केलेल्या बारीक त्रिकोणी कानशीने दोन्ही कडांकडून घासत ये, इतके की मध्यावर काळ्या शाईची एक सुतासारखी रेघ तेवढी उरेल. रेघ पुसली गेली तर पडदा उतरला असे समज. पडद्याच्या धातूला जर्मन सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी नसते, तांबे, निकेल आणि जस्त असते, आणि कानशीखाली तो वाटतो त्यापेक्षा झटकन जातो. काम झाल्यावर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबून पाहा. पहिल्या पडद्यावरून पातळ कागद जेमतेम सरकला पाहिजे. तार तिथे टेकलेलीच असेल तर शून्य पडदा फार खाली गेला आणि तो बदलावा लागेल. आधी एखाद्या टाकाऊ दांडीवर हात बसवून घे, माझ्याकडे अशा दोन पडून आहेत.

पिकअप बदलण्यापूर्वी त्याला मल्टिमीटर लाव. काही किलोओहम दाखवले तर वेटोळे शाबूत आहे, आकडा थोडा कमी की जास्त याची चिंता करू नकोस. काहीच दाखवले नाही तर वेटोळ्याची तार तुटली आहे, पण ती पुष्कळदा टोकाशी, बाहेरच्या वायरला जोडलेल्या जागी तुटते. ही तार केसाइतकी बारीक असते, म्हणून सोल्डरिंगचा पहिला प्रयोग तिच्यावर करू नकोस. वाजवताना घूं असा आवाज येत असेल आणि तारांना हात लावला की तो कमी होत असेल, तर सर्किट बहुतेक ठीक आहे. हात लावूनही काही फरक पडत नसेल तर घोडीकडे जाणारी अर्थिंगची वायर तुटली आहे का ते बघ.

काकांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला मात्र तू अजिबात हात लावू नकोस. बंद करून प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात, आणि दोन पिनांच्या प्लगला अर्थिंग नसल्यामुळे आतला दोष गिटारच्या तारांमधून थेट तुझ्या बोटांत येऊ शकतो. तो जाणत्या मेकॅनिककडून तीन पिनांचा करून घेतल्याशिवाय लावायचा नाही. तोवर छोटा नवा अँप चालेल.

तारा दहा नंबरच्या घे, त्याहून जाड नकोत. आणि पडद्यांचे काम दसरा झाल्यावर करू, सध्या कृष्णाकाठच्या हवेत लाकूड फुगलेले आहे आणि आता घेतलेली मापे कार्तिकात खोटी ठरतील. येताना गिटारची पेटी झटकून साफ करू नकोस. तिसऱ्या फोटोत ट्रेमोलोचा (स्वर हलवण्याचा) दांडा लोंबताना दिसतो, त्याची स्प्रिंग बहुधा अस्तराखाली कुठेतरी असेल.

तुझा,
मिरजेचा काका