तिची समजूत मी घालणार नाही

नमस्कार,

तुमचं पत्र नीट वाचलं. मुलगी अर्थशास्त्रात बी.ए. करते आहे, गुण उत्तम आहेत. तिला पुढे मानवशास्त्रात, म्हणजे माणसांच्या चालीरीती आणि समाजजीवन यांच्या अभ्यासात, एम.ए. करून अर्थव्यवहार आणि धर्म यांच्या नात्याचा अभ्यास करायचा आहे. तुम्हाला तिनं फायनान्समध्ये एमबीए करावं असं वाटतं. ‘हट्ट धरलास तर फीचं तुझं तू बघ,’ असं तुम्ही तिला सांगितलंत. आता मी तिची समजूत घालावी, अशी तुमची विनंती आहे.

ती मी घालणार नाही. तिच्या गुणांची मला मुळीच काळजी नाही. काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याची: ‘तेव्हापासून ती शहाण्यासारखी गप्प आहे.’ वयात आलेली मुलगी अचानक वाद घालायची थांबते, तेव्हा तिला तुमचं म्हणणं पटलेलं असतं असं समजू नका. तुमच्याशी बोलून उपयोग नाही, एवढंच तिनं ठरवलेलं असतं. अशी मुलं एमबीएला जातात, पासही होतात आणि नंतर कितीतरी वर्षं घरी फक्त तब्येत आणि हवापाणी यांवर बोलतात. दोन पानी पत्रात तिला हा विषय का हवा आहे, याबद्दल एक ओळही नाही. तुम्ही तिला ते विचारलं आहे का? आणि फी थांबवण्याची धमकी देऊन काढून घेतलेल्या होकाराला तुम्ही तिचा निर्णय म्हणणार आहात का?

तुम्ही लिहिता, ‘धर्म वेगळा, पैसा वेगळा. दोन्ही एकत्र करून नोकरी कुठे मिळते?’ नोकरीकडे येतेच, पण पहिलं वाक्यच चुकीचं आहे. इंडोनेशियातल्या बाली बेटावर भातशेतीचं पाणी शतकानुशतकं पाण्याच्या देवळांमार्फत वाटलं जात आलं आहे. कोणत्या पाटाला पाणी कधी सोडायचं, कुठली शेतं एकाच वेळी पड ठेवायची, हे देवळाच्या पूजाविधींच्या वेळापत्रकानुसार ठरायचं. १९७०च्या दशकात हरितक्रांतीच्या धोरणात हे सगळं निव्वळ कर्मकांड मानलं गेलं आणि शेतकऱ्यांना नवं बियाणं घेऊन पिकामागून पीक काढायला सांगण्यात आलं. पाण्याचं वेळापत्रक कोलमडलं आणि तपकिरी तुडतुड्यांनी पिकं फस्त केली. स्टीफन लान्सिंग या मानवशास्त्रज्ञानं एका परिसंस्था-अभ्यासकाबरोबर संगणकावर या व्यवस्थेचं प्रारूप तयार केलं. देवळांच्या पातळीवर होणारं नियोजनच पाणी आणि कीड या दोन्हींचा तोल सांभाळत होतं, असं त्यातून दिसलं. मोठ्या पट्ट्यातली शेतं एकदम पड राहिली की किडीला खायला काही उरत नाही. बियाणं आणि खतं यांचा हिशेब ज्यांनी केला, त्यांना देऊळ म्हणजे सिंचनव्यवस्थेचाच भाग आहे हे दिसलं नाही. तुमच्या मुलीला हे बघायला शिकायचं आहे. त्यासाठी तिनं श्रद्धाळू असण्याची किंवा नसण्याची काही अट नाही.

या विषयाचा पाया जुना आहे. मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञानं १९२२ मध्ये पापुआ न्यू गिनीमधल्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या ‘कुला’ नावाच्या देवघेवीचं वर्णन छापलं. शंखशिंपल्यांचे हार एका दिशेनं, दंडात घालायची कडी उलट दिशेनं, समुद्र ओलांडून बेटाबेटांवर फिरतात आणि त्यांतली कुठलीच वस्तू कुणी कायमची ठेवून घेत नाही. त्या सफरींबरोबर मंत्रतंत्र असतात आणि साधी अदलाबदलही चालते. त्याआधी, १९०४-०५ मध्ये, मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानं भांडवलशाही वृत्तीचा प्रोटेस्टंट धर्मशिस्तीशी संबंध जोडला. त्याच्या मांडणीवर आजही वाद होतात, आणि त्या वादांत उतरायला आवडणं हीच या अभ्यासाची पहिली पात्रता मी मानते.

आता नोकरी. विद्यापीठातल्या जागा कमी आहेत आणि पीएचडीला वर्षं लागतात. हे मी लपवणार नाही. नेट-सेट, पीएचडीच्या प्रवेशपरीक्षा, यूपीएससीला ऐच्छिक मानवशास्त्र हे मार्ग तुम्हाला माहीत असतीलच. पण ‘अनौपचारिक क्षेत्र’ (सरकारी नोंदीबाहेर चालणारे छोटे कामधंदे) ही आज प्रत्येक अर्थखात्यात वापरली जाणारी कल्पना रूढ झाली ती कीथ हार्ट या मानवशास्त्रज्ञानं घानामधल्या शहरी गरिबांमध्ये केलेल्या कामातून. जिलियन टेट यांनी मानवशास्त्रात पीएचडी केली, मग अर्थपत्रकारितेत गेल्या आणि २००८च्या पतसंकटाआधीच कर्जरोख्यांच्या बाजाराबद्दल इशारे देत होत्या. विकाससंस्था, सूक्ष्मवित्त, ग्राहक-संशोधन, धोरण-संशोधन इथं असं प्रशिक्षण घेतलेली माणसं काम करतात. तिथं पहिला पगार एमबीएपेक्षा कमी असण्याची शक्यता मोठी आहे. घरावर कर्ज असेल, तिच्या पगाराची लगेच गरज असेल, तर ते तिला आकड्यांसह सांगा. ते कारण ती समजू शकेल. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण तिनं ऐकावं, असं मला वाटत नाही.

तिच्यासाठी माझी एक सूचना, जरा कडक. अर्थशास्त्र सोडून पळायचं म्हणून मानवशास्त्र निवडत असेल तर निवडू नये. संख्याशास्त्र पक्कं ठेवावं. प्रवेशाआधी क्षेत्रकार्यावर, म्हणजे लोकांमध्ये राहून केलेल्या अभ्यासावर, आधारलेला एक तरी ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा, आणि एखाद्या उधारीच्या किंवा देणगीच्या व्यवहाराबद्दल चार-पाच जणांशी सावकाश बोलून टिपणं लिहावीत. असलं काम पुष्कळांना कंटाळवाणं वाटतं. तिलाही वाटलं तर ते आत्ताच कळलेलं बरं, आणि मग एमबीएचा विचार तिनं स्वतःहून करावा.

फीबद्दलचं बोलणं मात्र आधी मागे घ्या, तेही तिच्यासमोर. त्यानंतर हवं असेल तर तिनं ती टिपणं जोडून मला लिहावं. तुमची सही त्या पत्रावर नको.