फरशी चाटणारा लॅब्रेडॉर आणि पोटातले जिवाणू

प्रश्न : आमचा लॅब्रेडॉर अडीच वर्षांचा, वजन 28 किलो. गेल्या महिन्यात जुलाब झाले म्हणून मेडिकलमधून मेट्रोनिडॅझोल आणून पाच दिवस दिलं. जुलाब थांबले, पण तेव्हापासून तो रात्री तास-तासभर शहाबादी फरशी चाटत बसतो आणि मुलाने पोटाला हात लावला की गुरगुरतो. पोटातल्या जिवाणूंमुळे कुत्र्याचा स्वभाव बिघडतो असं वाचलं. दही सुरू करू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दह्याचं नंतर बघू, आधी त्याचं पोट दुखतंय का ते बघा. एरवी शांत असलेलं कुत्रं फक्त पोटाला हात लागल्यावर गुरगुरत असेल तर दुखण्याचाच संशय आधी घ्यावा. जेवणानंतर तो पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलून थांबतो का, पहाटे पिवळं पाणी ओकतो का, पोटात गुडगुड ऐकू येते का, हे आठवडाभर वहीत टिपा. तोवर मुलाला त्याच्या पोटाशी जाऊ देऊ नका आणि गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला रागावू नका. गुरगुरणं दाबलं की कुत्रं पुढच्या वेळी इशारा न देता चावतं.

फरशी चाटण्यामागे बऱ्याचदा मळमळ असते. कॅनडात मॉन्ट्रियल विद्यापीठात अशा सतत जमीन-भिंत चाटणाऱ्या 19 कुत्र्यांची तपासणी झाली, तेव्हा 14 कुत्र्यांच्या पोटात काहीतरी बिघाड सापडला : आतड्याला सूज, पोट उशिरा रिकामं होणं, जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग असं. म्हणून पशुवैद्यकाकडे जाताना ताजी शी झाकणाच्या डबीत न्या. जिआर्डिया एका नमुन्यात हुकतो, तेव्हा दिवसाआड तीन नमुने द्या. रक्त काढतीलच, तर गोचीडतापाचीही तपासणी करून घ्या.

आता औषधाबद्दल. मेट्रोनिडॅझोल हवेविना जगणारे जिवाणू मारतं, आणि कुत्र्याच्या आतड्यातले कामाचे जिवाणू बहुतेक त्याच जातीचे. त्यातले काही पित्तरसावर प्रक्रिया करून उपद्रवी जिवाणूंना आवर घालतात. ते मेले की घडी पुन्हा बसायला काही आठवडे लागतात, काही कुत्र्यांत महिन्याभरातही बसत नाही. साधे जुलाब बहुतेक वेळा पथ्यानेच थांबतात, त्यामुळे हा कोर्स स्वतःच्या मनाने पुन्हा करू नका. मात्रा जास्त झाली तर कुत्रं झोकांड्या खातं, बुबुळं थरथरतात. तसं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जिवाणू आणि स्वभाव यांचं नातं खरं आहे, पण वाचायला मिळतं तितकं सरळ नाही. मनःस्थितीशी जोडलेलं सेरोटोनिन हे रसायन शरीरात बहुतेक आतड्यात तयार होतं, पण ते मेंदूत शिरत नाही. निरोप पोचतात ते पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतून आणि रक्तातल्या ट्रिप्टोफॅनसारख्या (सेरोटोनिनचा कच्चा माल) द्रव्यांतून. अमेरिकेत झुंजींच्या अड्ड्यावरून सोडवलेल्या 31 कुत्र्यांच्या विष्ठेचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आक्रमक आणि शांत कुत्र्यांतले जिवाणू वेगळे निघाले खरे, पण गंमत अशी की लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, आक्रमक कुत्र्यांत जास्त होते! म्हणून दही खाऊन कुत्रं चिडकं होतं असं नाही, आणि शांत होतं असंही नाही. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अशा अभ्यासातून कळत नाही.

जेवणाचं असं करा : चार दिवस दोन वाट्या मऊ भात, एक वाटी उकडलेलं बिनहाडाचं चिकन, दोन मोठे चमचे उकडलेला लाल भोपळा, या प्रमाणात. तेल, मीठ, मसाला नाही. दिवसाचं जेवण चार वेळांत वाटा, शेवटचं झोपण्याआधी. पहाटेची मळमळ त्याने कमी होते. मग नेहमीच्या खाण्यावर येताना तीन दिवस पाव भाग, तीन दिवस अर्धा, तीन दिवस पाऊण. बहुतेक घरांत घाई इथेच होते आणि शी पुन्हा पातळ होते. शी उचलल्यावर फरशीवर डाग राहिला नाही, म्हणजे गाडी रुळावर आली.

प्रश्न : सोलापुरातल्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या दारूकामाने आमची कुत्री पलंगाखालून निघत नाही. प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या पावडरने भीती जाते का?
– एक वाचक, मुरारजी पेठ

उत्तर : जात नाही, थोडी उतरू शकते. एका पशुखाद्य कंपनीने 24 भित्र्या लॅब्रेडॉरना बिफिडोबॅक्टेरियम लाँगम या जिवाणूचा एक विशिष्ट प्रकार दिला, तेव्हा बहुतेकांची अस्वस्थता कमी झाली. पण अभ्यास कंपनीचाच, आणि पावडर रोज सहा आठवडे द्यावी लागली. संक्रांतीला उपयोग हवा तर नोव्हेंबरअखेर सुरू करा. आदल्या दिवशी देऊन काही होत नाही. पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव आणि संख्या नसेल तर घेऊ नका. माणसांच्या चघळायच्या गोळ्या तर नकोच, काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी घालायचा गोड पदार्थ) असतं आणि ते कुत्र्याला विष आहे. त्या रात्री आतली खोली, जाड पडदे, पंखा आणि टीव्ही चालू. भीतीने थरथरत, लाळ गाळत असेल तर पशुवैद्यकाकडून भीतीवरचं औषध आधीच लिहून घ्या.

प्रश्न : उरलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी घातली तर?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : भाकरी पाण्यात भिजवून, जोडीला अंडं किंवा चिकन असेल तर चालेल. चटणी बोटभरही नको. तिखट-मिठाने पोट बिघडतं ते वेगळंच, चटणीतल्या लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांदाही तसाच, त्यामुळे रस्सा लावलेली भाकरीही नको.