मांडव उतरल्यावर काय उरलं, ते लिही

चि. बाय,

तुझ्या महोत्सवाच्या अहवालाचा मसुदा वाचला. भजनी मंडळांच्या स्पर्धेच्या दोन्ही दिवशी खुर्च्या अर्ध्या रिकाम्या आणि शेवटच्या रात्री नामवंत गायकाला मैदान पुरलं नाही, मग महोत्सव यशस्वी झाला म्हणू की नाही, असं विचारतेस. तुझ्यासारख्या गाण्याच्या घरातल्या मुलीला हा प्रश्न पडावा याचं मला वाईट वाटलं. लोकांच्या पैशातून झालेला महोत्सव खुर्च्यांवरून जोखायचा नसतो. मांडव उतरल्यावर गावात काय उरलं, ते बघायचं.

तुझे साहेब पुण्याच्या 'सवाई गंधर्व' संगीत महोत्सवाचा दाखला देतात म्हणालीस. भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला, आणि तिथे रसिक खिशातून पैसे मोजून तिकीट काढतो. त्याचं येणं हाच तिथला कौल, आणि तो खरा कौल आहे. आपल्याकडे प्रवेश फुकट, पैसा कराचा. बाजारात मासळी विकणाऱ्या ज्या बाईने तो गायक ऐकलाच नाही, तिचाही त्यात वाटा आहे. तिला गर्दीचे फोटो दाखवून हिशेब देणार आहेस का?

त्यापेक्षा गोव्याच्या कला अकादमीची पं. मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धा बघ. तोही सरकारी पैसाच. पुरुष, महिला, बाल असे गट. प्राथमिक फेरीला समोर बसलेले बहुतेक जण पुढच्या नाहीतर मागच्या मंडळाचेच असतात, म्हणजे खुर्च्या मोजणारा तिला नापास करील. पण त्या एका फेरीसाठी देवळाच्या चौकात रात्री-रात्री तालीम चालते. शाळेतला मुलगा दप्तर खांबाला टेकवून पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतो. बुवा थाप ऐकून म्हणतात, 'जास्त झाली.' तो नखाने थोडी काढतो, पुन्हा थाप देतो, पुन्हा बुवांच्या तोंडाकडे बघतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, गावोगावी. आज बायकांची मंडळं जी ताकदीने गातात, त्यात महिला गटाचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे. मांडव उतरल्यावर उरतं म्हणतात ते हे.

आता कागदाचं बोलू. अनुदान केंद्राचं आहे, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, पैसा ठरल्या कामावरच खर्चला याचा दाखला, केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 च्या नमुना 12-अ मध्ये जाणार. तो नमुना नीट वाचलास का? त्यात भौतिक कामगिरीचं परिशिष्ट वेगळं आहे आणि फलिताचं वेगळं. किती कार्यक्रम झाले, किती मंडळं आली, हे पहिल्यात. त्यातून काय निष्पन्न झालं, हे दुसऱ्यात. तू दोन्हीकडे तोच मजकूर चिकटवलायस! सगळे तेच करतात, म्हणून तू पण करायचं? सरकार स्वतःच विचारतंय काय उरलं म्हणून, आणि आपण उत्तरात उपस्थिती लिहितो.

आकड्यांवर माझा राग नाही, चुकीच्या आकड्यांवर आहे. पेटीवर आणि पखवाजावर गावातलंच माणूस होतं की साथीदार बाहेरून आणले होते? बाहेरचे असतील तर बक्षीस मिळूनही गाव कोरडंच राहिलं. किती मुलं पहिल्यांदा मंचावर बसली, त्यांना शिकवतं कोण, आणि त्या शिकवणाऱ्याला अनुदानातला एक रुपया तरी पोचला का? मांडव, ध्वनियोजना, शाली-नारळ यांवर किती गेले आणि शिकवण्यावर किती, हे शेजारी-शेजारी मांड. नामवंतांना बोलावू नका असं मी कधीच म्हटलं नाही. ते सकाळी तासभर गावच्या पोरांसोबत बसले का, एवढंच विचारतो.

नोकरीत असताना मी या नोंदींच्या वह्या ठेवायचो. कुठलं मंडळ, पेटीवर कोण, पखवाजी कुणाचा शिष्य, सगळं. माझी बदली झाली, वह्या कार्यालयात राहिल्या आणि पुढे रद्दीत गेल्या. ही खंत जात नाही. मला हटवादी म्हणणारे अजून भेटतात. म्हणोत. त्या वह्या असत्या तर आज तुझ्या हातात तुलनेला काहीतरी असतं. आधी किती होतं हे ठाऊक नसताना 'लक्षणीय वाढ' असं तू कशाच्या जोरावर लिहिलंस? ते वाक्य काढ. आणि तुझी वही आजपासून सुरू कर, तिची एक प्रत घरी ठेव.

फलिताच्या परिशिष्टात आज जेवढं दिसतंय तेवढंच लिही. बाकीचं सहा महिन्यांनी मंडळांना भेटी देऊन पुरवणी अहवालात देऊ असं नमूद कर, भेटींच्या तारखाही टाक. साहेब चिडतील. चिडू देत, मी बोलेन त्यांच्याशी. प्रवासभत्ता नामंजूर झाला तर बिल माझ्याकडे पाठव. आणि भेटींना निघशील तेव्हा विजेत्यांकडे शेवटी जा. ज्यांचा नंबर आला नाही त्या मंडळांची तालीम अजून चालू आहे का, ते आधी बघून ये.